मृतांना न्हाऊ घालणारे बेट

दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाला मुख्य भूमी एकसंध राहत नाही. तिचे तुकडे होतात आणि ते समुद्रात दूरवर विखुरतात. या तुकड्यांपैकी एक म्हणजे जिंदो. विस्ताराने ते त्या देशातील तिसऱ्या क्रमांकाचे बेट असून त्याच्या भोवती लहानमोठी दोनशेहून अधिक बेटे आहेत. जिंदो आणि मुख्य भूमी यांच्यामधील सामुद्रधुनी अतिशय चिंचोळी आहे. तिच्यातून भरती-ओहोटीचे पाणी इतक्या वेगाने धावते की त्याचा घोष काठावर उभ्या असलेल्या माणसाला सतत ऐकू येत असतो. १५९७ साली सेनापती यी सुन-शिन याने अवघ्या तेरा जहाजांनिशी शंभराहून अधिक जपानी जहाजांना येथेच माघार घ्यावयास लावले. त्याच्या बाजूने लढला तो हा प्रवाह, असे जिंदोचे लोक आजही अभिमानाने सांगतात. १९८४ मध्ये या सामुद्रधुनीवर पूल झाला आणि तेव्हापासून बेटावर पायी किंवा मोटारीने जाता येऊ लागले.

जिंदोची कीर्ती अनेक गोष्टींसाठी आहे. तेथील इमानी कुत्रे, ताडाएवढ्या लाटा पाहिलेल्या कोळ्यांनी वाळत घातलेले समुद्रशेवाळ, कांद्याच्या पातीची हिरवीगार शेते, आणि वसंत ऋतूत ओहोटीच्या वेळी समुद्र दुभंगून दोन किलोमीटरांहून लांब अशी वाट उघडी पडते तो चमत्कार, हे सारे पाहण्यास प्रवासी तेथे येतात. मी मात्र गेले होते ते एका शब्दाच्या शोधात. कोरियन लोकजीवनावरील एका लेखाचा अनुवाद करीत असता 'सित्किम-गुत' हा शब्द वारंवार समोर येत होता. 'गुत' म्हणजे देवदेवतांना व मृतांना आवाहन करून केलेला विधी, आणि 'सित्किम' म्हणजे धुणे. कोशाच्या आधारे मी 'प्रेतशुद्धिविधी' असा प्रतिशब्द लिहिला. तो चूक नव्हता. पण लिहिल्यावर मन समाधान पावेना. पुढे कामानिमित्त सेऊलला जाण्याचा योग आला, तेव्हा दोन दिवस अधिक काढून हे बेट पाहण्याचे मी ठरविले.

सेऊलहून मोकपो या बंदरापर्यंत वेगवान आगगाडीने सुमारे अडीच तास लागतात. तेथून पुढे बस. माझ्यासोबत हिंदी शिकलेली एक कोरियन तरुणी दुभाषी म्हणून होती. ती मला 'दीदी' म्हणे. वाटेत तिने आपल्या घरच्या श्राद्धाची माहिती दिली. कोरियात पूर्वजांच्या पूजेला 'जेसा' म्हणतात. मृत्युतिथीच्या रात्री थोरला मुलगा पाट मांडावा तसा चौरंग मांडतो, त्यावर फळे, मासे, भात, सूप व मद्य ठरावीक दिशांना ठेवतो आणि कुटुंबातील पुरुष भूमीवर मस्तक टेकवून नमस्कार करतात. कन्फ्यूशियसच्या शिकवणीप्रमाणे वर चार पिढ्यांपर्यंत असे पूजन करावे, असा संकेत आहे. शरद ऋतूतील चुसॉक व चांद्र नववर्ष या सणांनाही पूर्वजांचे स्मरण होते.

"मग ज्याला मुलगा नाही त्याचे काय?" मी विचारले.

ती हसली. "तेच तर, दीदी. त्याच्यासाठीच मुदांग असते."

'मुदांग' म्हणजे विधी करणारी स्त्री. विद्वान लोक तिला शमन म्हणतात. कोरियाच्या धर्मजीवनाचे हे दोन भाग समजून घेतल्यावाचून तेथील पितर व अतृप्त आत्मे यांचा उलगडा होत नाही. जेसा हा पुरुषांचा, पोथीचा आणि क्रमाचा विधी. ज्याने आयुष्य पुरे केले, विवाह केला, मागे पुत्र ठेवला आणि जो आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर मरण पावला, त्याला त्यात मानाची जागा मिळते. परंतु सगळ्यांचेच मरण असे नेटके नसते. कोणी विवाहापूर्वी मरते, कोणी परमुलखात मरते, कोणी युद्धात, कोणी समुद्रात. त्यांचे नाव पूजेच्या यादीत येत नाही आणि भूक तर शिल्लक असते. असे आत्मे 'जॉसुंग'च्या म्हणजे परलोकाच्या वाटेला न लागता घराभोवती घुटमळतात, अशी लोकांची श्रद्धा. अविवाहित मुलीचे व अविवाहित मुलाचे भूत यांना निरनिराळी नावे आहेत; पाण्यात बुडालेल्याचे 'मुल्-ग्विशिन' तर आपल्या एकाकीपणाला कंटाळून दुसऱ्यालाही पाण्यात ओढते असे सांगतात. यांच्या मनात जी गाठ बसलेली असते तिला 'हन' म्हणतात. या शब्दात दु:ख आहे, अन्यायाची जाणीव आहे, आणि जे म्हणावयाचे होते ते म्हणता आले नाही याची खंतही आहे. अशा आत्म्यांची विचारपूस करण्याचे काम स्त्रियांनी आपल्याकडे घेतले. बैठकीच्या खोलीत पुरुषांची पूजा चाले आणि अंगणात ढोल वाजवून बायका त्यांना बोलावीत, ज्यांना बैठकीत कोणी बोलाविले नव्हते.

या साऱ्यामागे एक विचार आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. केवळ मरण पावल्याने माणूस पूर्वज होत नाही. जिवंत माणसांना त्याला पूर्वज करावे लागते.

हे करण्याची पद्धत प्रांताप्रांतात वेगळी आहे. सेऊलच्या परिसरात या विधीला 'जिनोगी' म्हणतात. तेथे मुदांग बारी नावाच्या राजकन्येची कथा गाते. बारी ही राजाची सातवी मुलगी. पुन्हा मुलगीच झाली म्हणून राजाने तिला टाकून दिले. पुढे राजाराणी मरणोन्मुख झाली. त्यांना वाचविणारे पाणी परलोकात होते. लाडात वाढलेल्या सहाही मुलींनी तेथे जाण्याचे नाकारले. टाकलेली मुलगी मात्र निघाली. त्या पाण्याच्या रक्षकाकडे तिने तीन वर्षे पाणी वाहिले, तीन वर्षे चूल सांभाळली, तीन वर्षे लाकडे तोडली, त्याला सात पुत्र दिले आणि पाणी घेऊन परत येऊन आईबापांना उठविले. बक्षीस म्हणून तिने राज्य मागितले नाही. मृतांना वाट दाखविण्याचे काम मागून घेतले. मुदांग तिला आपली मूळ आई मानतात. ज्या मुलीला घराने नाकारले तिच्याच हाती मृतांची सोपवणूक व्हावी, यात केवढा अर्थ भरला आहे!

उत्तरेकडील मुदांगच्या अंगात देव येतो. ती रंगीबेरंगी वस्त्रे बदलते, मृताच्या आवाजात बोलते. जिंदोची मुदांग तशी नाही. तिला येथे 'तांगोल' म्हणतात. ती अंगात आणीत नाही. तिची विद्या परंपरेने, बहुधा सासूकडून सुनेकडे येते, आणि घरातील पुरुष वाद्ये वाजवितात. प्रत्येक तांगोल घराण्याची गावे वाटून घेतलेली असत आणि त्या गावांतून उन्हाळ्यात सातू व शरदात तांदूळ असे वर्षातून दोन वेळा धान्य मिळे. आपल्या बलुतेदारीशी हे किती जुळते! साम्य येथेच संपत नाही. गाव या घराण्यांना धान्य देई, पण त्यांच्याशी सोयरीक करीत नसे. जोसॉन राजवटीत मुदांगची गणना समाजाच्या अगदी खालच्या थरात होई. पुढे जपानी अंमलात हे विधी दडपले गेले. १९७० नंतरच्या ग्रामसुधारणेच्या मोहिमेत 'अंधश्रद्धा' म्हणून गावोगावची देवस्थाने पाडली गेली. आणि १९८० मध्ये त्याच देशाच्या शासनाने जिंदोचा सित्किम-गुत ७२ व्या क्रमांकाचा राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंदविला! दहा वर्षांत जे मोडावयाचे होते ते जपावयाचे झाले.

मूळ विधी रात्रभर चालतो. आम्ही पाहिला तो एका शनिवारी गावातील सभागृहात, प्रेक्षकांसाठी थोडक्यात सादर केलेला. रंगमंचावरचा विधी म्हणजे कागदी फूल, असा संशय मनात धरूनच मी बसले होते. पांढरा पोशाख केलेली एक प्रौढ स्त्री समोर आली. तिच्यामागे बासरी, सनईसारखे लहान वाद्य, दोन तारांचे सारंगीवजा वाद्य, ढोल आणि मोठी घंटेची थाळी घेऊन पुरुष बसले होते. ती ओरडली नाही, घुमली नाही. एखादी आजी घरातले काम करता करता गुणगुणते तशी ती गाऊ लागली.

आधी ती घरच्या चूलदेवतेला व पूर्वजांना विधीची वर्दी देते. जो घराबाहेर मेला असेल त्याला वेशीवर जाऊन सामोरे जावे लागते. मग देवींच्या रोगाच्या पाहुण्या देवतेचा मान, आणि त्यानंतर 'जेसॉक' नावाच्या देवाला जिवंतांच्या सुखासाठी प्रार्थना. हे नाव दुभाषीने उच्चारले तेव्हा माझे कान टवकारले. जेसॉक म्हणजे आपला शक्र, इंद्र! बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनमार्गे येथवर आला आणि जिंदोच्या शेतकऱ्यांच्या घरी धान्य व संतती देणारा देव झाला. मृतांचा न्याय करणाऱ्या दहा राजांमध्ये 'योम्रा' आहे, तो यम. मृतांना पैलतीरी नेणारी नौका 'बान्या-योंगसॉन' हिच्यातील 'बान्या' हे प्रज्ञा या शब्दाचेच रूप. आपल्या घरून निघालेली माणसे इतक्या दूर दुसऱ्याच पोशाखात भेटावी, असे काहीसे मला वाटले.

यानंतर विधीचा गाभा सुरू होतो. त्याचे चार भाग आहेत आणि चारही समजावयास अत्यंत सोपे आहेत. पहिला 'गोपुरी', म्हणजे गाठी सोडणे. लांब पांढऱ्या सुती कापडाला सात गाठी मारून त्याचे टोक खांबाला बांधतात. तांगोल गात गात कापड हलविते आणि एकेक गाठ झटक्यासरशी सुटत जाते. गाठ म्हणजे हन.

दुसरा भाग धुण्याचा. मृताचे कपडे चटईवर पसरून चटईची गुंडाळी करतात, ती बांधून उभी करतात, तिच्यावर आत्म्याचा प्रतीकात्मक कागद ठेवलेले भांडे ठेवतात आणि त्यावर लोखंडी हंड्याचे झाकण घालतात. ते झाले डोके. मृत मनुष्य असा पुन्हा उभा राहतो. मग तांगोल केरसुणी बुडवून त्याला तीन पाण्यांनी धुते: दवण्यासारख्या वनस्पतीच्या पाण्याने, सुगंधी पाण्याने आणि शेवटी स्वच्छ पाण्याने. या भागाला स्थानिक लोक 'इसुल-तॉल्गी' म्हणतात; दव झटकणे, असा त्याचा अर्थ. पहाटे शेतावरून आलेल्या मुलाच्या अंगावरचे दव आई पदराने टिपते, तसे. येथे मला माझ्या प्रतिशब्दातील उणीव कळली. ही शुद्धी नव्हती. हे न्हाऊ घालणे होते.

तिसऱ्या भागात माणसाच्या आकाराचा कागद आप्ताच्या डोक्यावर ठेवतात आणि कागदी झिरमिळ्यांनी तो अलगद उचलतात. तो उचलला गेला, की आत्मा मोकळा झाला. चौथा भाग 'किल्-दाक्कुम', वाट स्वच्छ करणे. पांढऱ्या कापडाचा लांब पट्टा दोघे जण ताणून धरतात आणि आत्म्याची छोटी कागदी पालखी त्यावरून पुढे मागे, पुढे मागे नेली जाते. जाणाऱ्याचा पाय घुटमळतो, हे त्यात दिसते. माझ्या शेजारी बसलेली एक वृद्धा या वेळी उठली, रंगमंचापाशी गेली, कापडावर एक नोट ठेवली आणि डोळे पुसत परत आली. तिकीट काढून आलेल्या प्रवाशांच्या त्या सभागृहात तिला आपले कोणी तरी भेटले होते. कागदी फुलाचा माझा संशय तेथेच गळून पडला.

सर्वांत शेवटी, ज्यांना कोणीच बोलाविले नव्हते अशा भटक्या आत्म्यांना दाराबाहेर अन्न घालून निरोप देतात. श्राद्धात धर्मपिंड देणाऱ्या आपल्या वाचकांना याचा अर्थ सांगावयास नको.

बुडून मेलेल्यांसाठी या विधीला एक जोड असते. तांदूळ भरलेले भांडे कापडात बांधून दोरीने समुद्रात सोडतात आणि वर काढून तांदळात केस सापडतो का ते पाहतात. केस सापडला, तर आत्मा पाण्यातून वर आला. त्याशिवाय त्याला धुणार तरी कसे?

दुसऱ्या दिवशी आम्ही बेटाच्या दक्षिणेकडील पेंगमोक बंदरावर गेलो. १६ एप्रिल २०१४ रोजी इंचॉनहून जेजू बेटाकडे निघालेले 'सेवॉल' हे जहाज जिंदोजवळच्या समुद्रात कलंडले. जहाजावर ४७६ माणसे होती. त्यांपैकी ३०४ दगावली. त्यांत सहलीला निघालेले एकाच शाळेचे २५० विद्यार्थी होते. जहाज कलत असता मुलांना जागेवरच थांबण्यास सांगण्यात आले होते आणि कप्तान मात्र आधी बाहेर पडला. आईबापांनी या बंदराच्या धक्क्यावर आठवडेच्या आठवडे, काहींनी महिनेच्या महिने वाट पाहिली. समुद्राकडे तोंड करून त्यांनी मुलांच्या आवडीचा खाऊ मांडला, नवे बूट मांडले. पुढे याच बंदरावर मृतांसाठी सित्किम-गुतही झाले.

आम्ही गेलो तेव्हा वारा जोराचा होता. तांबड्या दीपस्तंभापर्यंत गेलेल्या बांधावर पिवळ्या फिती फडफडत होत्या; उन्हाने व खाऱ्या हवेने काहींचा रंग उडाला होता. बांधाच्या भिंतीत लोकांनी चित्रे काढलेल्या, चार शब्द लिहिलेल्या फरशा बसविल्या आहेत. माझी सोबतीण त्या वाचून दाखवीत होती. मध्येच ती थांबली. तीही त्या मुलांच्याच वयाची होती.

"दीदी, गाठ सुटली असे पुष्कळ लोक म्हणतात. आमच्या घरी आई म्हणते, खरे काय झाले ते सगळे कळल्याशिवाय गाठ कशी सुटेल?"

मला तिचे म्हणणे पटले. सित्किम-गुत विसरावयास शिकवीत नाही. मृताची तक्रार आधी मोठ्याने म्हणावयाची, सर्वांनी ऐकावयाची, आणि मग गाठीला हात घालावयाचा, असा त्याचा क्रमच आहे. तक्रार दाबून ठेवून केलेले धुणे हे धुणे नव्हे.

मार्च २०१७ मध्ये ते जहाज समुद्रातून वर काढून मोकपोला आणले गेले. तरीही पाच जणांचा मागमूस लागला नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी देहावाचून अंत्यविधी केले. शवपेट्यांत त्यांच्या वस्तू ठेवल्या. बांधावर उभी राहून मी हे ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या रत्नागिरीकडील घरातली एक पत्र्याची ट्रंक आली.

माझा धाकटा काका मालवाहू जहाजावर खलाशी होता. १९८३ च्या पावसाळ्याच्या तोंडी तो जहाजावरून नाहीसा झाल्याची तार आली. देह मिळाला नाही. माझा जन्म त्यानंतरचा. मी त्याला पाहिलेले नाही. अशा वेळी पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा, असे आपल्याकडे सांगितले आहे; त्याला पालाशविधी म्हणतात. भटजींनी ते सुचविले तेव्हा आजी म्हणाली, "आणि तो आला तर?" त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही. सर्वपित्रीला पणजोबांपासून सर्वांची नावे घेतली जात; काकाचे नाव घेतले जात नसे. तो जिवंतांत नव्हता आणि पितरांतही नव्हता. आजी गेली तरी हा रिवाज तसाच राहिला; तिच्या माघारी तो मोडणे म्हणजे तिचा शब्द मोडणे, असे वडिलांना वाटत असावे.

आजीचे चुकले, असे मी लहानपणी मानीत असे. पेंगमोकच्या बांधावर ते मत राहिले नाही. ज्या आईने धक्क्यावर नवे बूट मांडले, तिला कोणी चूक म्हणू शकेल काय? वाट पाहणे हा तिचा हक्क होता. पण वाट पाहणाऱ्यालाही केव्हा तरी कोणी येऊन सांगावे लागते, की आता त्याला न्हाऊ घालू या आणि वाटेला लावू या. जिंदोमध्ये ते सांगणारी तांगोल असते. आमच्या घरी ते कोणी सांगितले नव्हते.

परत आल्यावर वडिलांना मी सारे वर्णन करून सांगितले. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. कोरियातील देवदेवतांबद्दल त्यांना विशेष कुतूहल नव्हते. इंद्र व यम तेथे भेटले हे ऐकून ते नुसते "असं होय" म्हणाले. पण चटईचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबविले.

"त्या गुंडाळीत काय ठेवतात म्हणालीस?"

"कपडे. त्याचे स्वत:चे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, माजघरात गेले आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. तिच्यात काकाचा एक सदरा आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. आजीने तो दर दिवाळीला उन्हात घालून पुन्हा घडी करून ठेवलेला. वडील तो घेऊन बाहेर आले. घडीवर पिवळ्या रेघा उमटल्या होत्या.

"हा एकदा धुवायला हवा," ते म्हणाले. "आणि यंदा सर्वपित्रीला त्याचंही नाव घेऊ. भटजींना आधी सांगून ठेव."

अनुवादाच्या हस्तलिखितात मी 'प्रेतशुद्धिविधी' हा शब्द खोडला आणि त्या जागी 'न्हाऊ घालणे' असे लिहिले. मुद्रिते तपासणाऱ्यांनी समासात प्रश्नचिन्ह केले: विधीच्या नावासाठी हा शब्द फार घरगुती वाटत नाही काय? मी उत्तर लिहिले: घरगुतीच आहे, तसाच राहू द्यावा.